सोलापूरच्या बोलण्यातलं व्याकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे पोरगं पहिलीत घालायची वेळ आलीय अशा घरात, एक प्रश्न हमखास निघतो. ‘घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, त्यात आता इंग्रजी. पोराच्या डोक्याचा गोंधळ होईल की ओ?’ बाळीवेशीकडच्या लिंगायत घरात तेलुगूच्या जागी कन्नड येतं, बाकी प्रश्न तोच. अक्कलकोटकडून शहरात राहायला आलेलं कुटुंबही हेच विचारतं.

उत्तर एका शब्दात देता येईल: नाही. पण का नाही, हे समजायला भाषा नावाची गोष्ट आतून कशी चालते ते बघावं लागतं. त्यासाठी सोलापूरसारखं गाव शोधून सापडायचं नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू इथे एकाच रिक्षात ऐकू येतात. भाषाशास्त्राची ओळख करून घ्यायला एवढं सामान पुरेसं आहे.

१. कान काय ऐकतो, काय सोडतो

‘चार रुपये दे’ आणि ‘गुरं चार’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे ‘चार’ असंच लिहिलंय, पण पहिल्यात जीभ टाळूला लागते आणि दुसऱ्यात दातांच्या मागे. अक्षर एक, आवाज दोन. हा फरक आपल्याला शाळेत कुणी शिकवलेला नसतो, आणि बहुतेकांच्या तो जन्मात लक्षात आलेला नसतो. तरी एखाद्याने गुरांच्या ‘चार’मध्ये रुपयांचा ‘च’ घातला, की कान टवकारतात.

माणसाच्या तोंडातून शेकडो तऱ्हेचे आवाज निघू शकतात. प्रत्येक भाषा त्यातले थोडेसे निवडते आणि त्यांच्यावर अर्थाचा भार टाकते. ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘ताक’ आणि ‘टाक’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ या जोड्यांत एकेकच आवाज बदलला आणि अर्थ पार बदलला. असा अर्थ फिरवणारा जो आवाज, त्याला भाषाशास्त्रात स्वनिम म्हणतात. शब्द अवघड वाटला तर सोडून द्या, कल्पना मात्र धरून ठेवा.

भाषेगणिक ही निवड वेगळी. तेलुगूतही मराठीसारखे दोन्ही ‘च’ आहेत, फक्त कोणता कधी येणार हे तिथे पुढच्या स्वरावर ठरतं. ‘ळ’ मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आहे, दखनीत नाही. उलट ‘प’ आणि ‘फ’मध्ये जो श्वासाचा झोत आहे, त्याला कन्नड-तेलुगूच्या रोजच्या बोलण्यात फारशी किंमत नाही. त्यांच्या लिपीत ‘ख, घ, भ’ आहेत, पण ते मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी. म्हणून घरात तेलुगू बोलणाऱ्या आजींच्या तोंडी ‘भाकरी’ची ‘बाकरी’ होते. त्यांची जीभ जड आहे असं कुणी समजू नये. लहानपणी कानाला जे आवाज वेगळे करायची गरजच पडली नाही, ते तो पुढे एकाच खणात टाकतो.

ही छाटणी किती लवकर होते, हे १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं. इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. बाळांना फरक ओळखता आला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना तो ओळखताना नाकीनऊ आले. वर्षाची होता होता ती बाळंही मोठ्यांच्या रांगेत जाऊन बसली. सोलापूरच्या बाळाच्या कानावर पहिल्या वर्षात दोन-तीन भाषा पडतात. म्हणजे त्याच्या कानाला खण जास्त ठेवावे लागतात, आणि तो ते ठेवतोही.

२. न शिकवलेलं व्याकरण

‘गुरपा’ हा शब्द मी आत्ता बनवला. त्याला अर्थ नाही. टेबलावर एक गुरपा आहे. अजून एक आणून ठेवला. आता टेबलावर दोन काय आहेत? ‘गुरपे.’ माशी कशावर बसली? ‘गुरप्यावर.’ आणि एक ‘टिंबोळी’ असेल तर दोन? ‘टिंबोळ्या.’

तुम्ही हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचलेत, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नाही. तुमच्या डोक्यात एक नियम बसलेला आहे आणि तो नव्या शब्दालाही झटक्यात लागू पडला. ‘गुरप्यावर’मध्ये तुम्ही ‘पा’चा ‘प्या’ केलात. व्याकरणाच्या पुस्तकात याला सामान्यरूप म्हणतात आणि सातवीच्या परीक्षेत त्यावर मार्क जातात. पण अंगठा उठवणारी आजीसुद्धा यात चुकत नाही. असे बनावट शब्द लहान मुलांपुढे ठेवण्याची युक्ती अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८मध्ये वापरली आणि चार-पाच वर्षांच्या पोरांकडे नियम असतात हे सिद्ध केलं.

पोरं चुकतात तेव्हा तर हे जास्तच उघड होतं. तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं. घरात ‘करलं’ म्हणणारं कुणी नसतं, सगळे ‘केलं’ म्हणतात. मग हे आलं कुठून? ‘भरलं’, ‘ठरलं’, ‘मारलं’ ऐकून मुलाने नियम काढला आणि ‘कर’ला लावला. नियम बरोबर, अपवाद ठाऊक नव्हता. नक्कल करून भाषा येते असं मानणाऱ्यांनी या ‘करलं’चा विचार करावा.

आता मोठ्यांकडे येऊ. सोलापुरात कुणी भेटलं की विचारतं, ‘काय करलालाव?’ पुण्या-मुंबईचा पाहुणा हसतो. पण नीट ऐका: मी करलालो, तू करलालास, ती करलाली, तुम्ही करलालाव. गावागणिक रूपं थोडी इकडेतिकडे होतात, पण पुरुष, लिंग, वचन सगळं जागच्या जागी. हे रूप ‘करायला लागलो’पासून झिजत आलेलं दिसतं. प्रमाण मराठीत ‘करायला लागलो’ म्हणजे काम सुरू केलं. इथे ‘लागणे’चा तो अर्थ पुसट झाला आणि काम चालू आहे एवढंच उरलं, मग शब्दही आखडला. मराठवाड्यात याचंच भावंड ‘करायलो’ आहे. स्वतंत्र क्रियापद झिजून प्रत्ययासारखं चिकटतं, ही जगातल्या अनेक भाषांत चालणारी प्रक्रिया आहे. पुण्यात ‘करतो आहे’ झिजून ‘करतोय’ झालं, त्याला कुणी हसत नाही. भाषाशास्त्राच्या नजरेने ‘करतोय’ आणि ‘करलालो’ यांची पायरी एकच आहे.

३. पाच आकडे, दोन घराणी

चार भाषांत पाचपर्यंत मोजू.

मराठी: एक, दोन, तीन, चार, पाच.
दखनी: एक, दो, तीन, चार, पांच.
कन्नड: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु.
तेलुगू: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु.

कुणी न सांगताही दोन गट पडतात. मराठी आणि दखनी एका घराण्यातल्या, संस्कृत-प्राकृताकडून आलेल्या. कन्नड आणि तेलुगू दुसऱ्या, द्राविड घराण्यातल्या. पहिल्या घराण्याची नाळ पार युरोपपर्यंत जाते हे विल्यम जोन्स यांनी १७८६मध्ये कलकत्त्यात मांडलं. दक्षिणेतल्या भाषांचं कूळ वेगळं आहे हे १८१६मध्ये मद्रासला फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी दाखवलं, आणि रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६मध्ये त्यावर आख्खा ग्रंथ लिहिला.

नातं ठरवायला नुसतं साम्य पुरत नाही. शब्द उसनेही येतात: मराठीतलं ‘तूप’, ‘अडकित्ता’, ‘हुडकणे’ कन्नडकडून आलं, म्हणून मराठी द्राविड होत नाही. खरा पुरावा म्हणजे आवाजांचा शिस्तशीर फरक. कन्नडमध्ये दूध ‘हालु’, तेलुगूत ‘पालु’. वाघ तिकडे ‘हुलि’, इकडे ‘पुलि’. फूल ‘हूवु’ आणि ‘पुव्वु’. एका ठिकाणी ‘ह’ तर दुसरीकडे ‘प’, पुन्हा पुन्हा. जुन्या कन्नडमध्येही ‘प’च होता, पुढे तो ‘ह’ झाला. असा फरक रांगेने सापडला, की दोन्ही भाषा एका पोटच्या असं खात्रीने म्हणता येतं.

४. घराणं वेगळं, घडण एक

मग सोलापुरातल्या चार भाषा दोन गटांत वाटल्या आणि विषय संपला? इथेच तर तो रंगतो.

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मराठी माणूस म्हणतो ‘जाऊन येतो’. कन्नड शेजारी म्हणतो ‘होगि बर्तीनि’. तेलुगू शेजारी ‘पोयि वस्ता’. दखनी बोलणारा ‘जाके आतुं’. शब्द चार, पण साचा बघा: आधी ‘जाऊन’, मग ‘येतो’. पहिलं क्रियापद अर्धवट सोडलेलं, पुरुष-काळ सगळा दुसऱ्यावर. एकाच्या जागी दुसऱ्याचा शब्द ठेवत गेलं, की भाषांतर आपोआप होतं.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. ‘उद्या येतो म्हणून सांगितलं.’ कन्नडमध्ये: ‘नाळे बर्तीनि अंत हेळिद.’ तेलुगूत: ‘रेपु वस्ता अनि चेप्पिंडु.’ दखनीत: ‘कल आतुं बोलके बोल्या.’ म्हणून, अंत, अनि, बोलके. चारही ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेले, चारही सांगितलेल्या गोष्टीच्या मागे येणारे. दिल्लीचा हिंदी माणूस ‘उसने कहा कि कल आऊँगा’ म्हणतो. त्याचा ‘कि’ पुढे उभा राहतो आणि ‘म्हणणे’शी त्याचा काही संबंध नाही. दखनी ही दिल्लीच्या हिंदीची सख्खी बहीण. पण या बाबतीत तिने बहिणीला सोडून शेजारणीचं ऐकलं.

तिसरं उदाहरण मराठीच्याच घरातलं. ‘आम्ही गड्ड्याच्या जत्रेला चाललोय’ आणि ‘आपण गड्ड्याच्या जत्रेला चाललोय.’ पहिल्यात समोरचा माणूस घरी राहणार, दुसऱ्यात तो बरोबर येणार. हा भेद संस्कृतात नाही. तिथे ‘वयम्’ एकच. दिल्लीच्या हिंदीतही ‘हम’ एकच. तेलुगूत मात्र तो अगदी काटेकोर आहे: ऐकणाऱ्याला वगळून ‘मेमु’, धरून ‘मनमु’. ‘आपण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘आत्मन्’पासून आला, पण त्याला हे काम कुणी दिलं असं विचारलं, तर अनेक भाषाशास्त्रज्ञ द्राविड शेजाराकडे बोट दाखवतात. गंमत म्हणजे आजच्या कन्नडमध्ये हा भेद नाही. ‘नावु’ एकच चालतं.

सोलापुरी चादर विणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. जकार्डला लावलेले पत्ते नक्षी ठरवतात. सुताचा रंग लाल घाला की हिरवा, मोर तिथेच उठतो. इथे सूत म्हणजे शब्द. ते ज्याच्या त्याच्या घराण्याचे राहिले. नक्षीचे पत्ते मात्र शेजाऱ्यांनी एकमेकांना दिले.

याचं जगभर गाजलेलं उदाहरणही आपल्याच मुलखातलं. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी अभ्यास केला आणि तो १९७१मध्ये छापला. तेव्हा ते सुमारे ३,००० वस्तीचं गाव होतं. जैन शेतकरी आणि लिंगायत कारागीर कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि इतर काही मराठी, दोर वळणारे तेलुगू. ज्याची भाषा त्याच्या घरात, पण शेतावर, बाजारात पुरुषांना दोन-तीन भाषा रोज लागत. शतकानुशतकं असं चाललं, आणि कन्नड, मराठी, उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की शब्द उचलून शब्द ठेवावा. पुस्तकी कन्नडमध्ये ‘हे तुमचं घर’ म्हणायला ‘आहे’ लागत नाही. कुपवाडच्या कन्नडने ‘आहे’ घेतलं. उर्दूत नदी स्त्रीलिंगी. कुपवाडच्या उर्दूत ‘नदी आया’, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष नसतात. सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात पुन्हा पाहणी केली. भाषासंपर्कावरच्या पाठ्यपुस्तकांत आजही कुपवाडचं नाव असतं. आपल्याकडच्या किती लोकांना ते माहीत आहे, हा वेगळा विषय.

माझ्या मते यात लक्षात ठेवण्याजोगं एकच आहे. या गावात कुणीही आपली भाषा सोडली नाही. जाती वेगळ्या, देवळं-मशिदी वेगळ्या, तशी भाषाही वेगळी राखली. शब्दांवरून ओळख पटते, म्हणून शब्द जपले. व्याकरण कुणाच्या डोळ्यावर येत नाही, म्हणून ते गुपचूप मिसळत गेलं.

सोलापूर भागात ही शेजारवस्ती किती जुनी आहे? दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल इथे भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिश्चित लेखांत त्याची गणना होते. त्याच्याच आसपासच्या गावांत कन्नड शिलालेख मुबलक सापडतात, आणि बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. तेलुगू विणकर हातमागाच्या काळापासून येत राहिले. १८७७मध्ये जुनी मिल सुरू झाल्यावर गिरणगाव वाढलं आणि पद्मशाली वस्तीही. म्हणजे मराठी-कन्नडचा शेजार हजार वर्षांचा, तेलुगूचा त्या मानाने नवा.

५. मग पोराचा गोंधळ का होत नाही?

आता मुलाकडे. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी असलेलं मूल दोन याद्या पाठ करत नसतं. ते दोन नियमसंच बांधत असतं, आणि वर पाहिलं तसं या दोन संचांत बरंच काही सारखं आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला एकेका भाषेतले शब्द मोजले तर थोडे कमी भरतात. दोन्हींचे मिळून मोजले तर ते एकभाषी मुलाच्या बरोबरीत येतं. पालकांना दिसते ती फक्त पहिली मोजणी, म्हणून काळजी.

‘पण तो सगळं मिसळून बोलतो की!’ बोलतोच. मिसळतानाही नियम सोडत नाही, हे बघा. मराठीत इंग्रजी शब्द आणला की प्रत्यय मराठी लागतो: स्कूलला, बसमध्ये, मोबाईलवर. क्रियापद आणायचं तर ते थेट येत नाही, त्याला ‘करणे’चा हात धरावा लागतो. ‘फोन चार्ज कर’ असं सगळे म्हणतात, ‘मी फोन चार्जतो’ कुणी म्हणत नाही. कन्नडमध्ये ‘चार्ज माडु’, तेलुगूत ‘चार्ज चेय्’, तीच युक्ती. आणि बस स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी, मोबाईल पुल्लिंगी हे कोणत्या समितीने ठरवलं? कुठल्याच नाही. गोंधळलेल्या डोक्याला असं जमत नाही.

खरा धोका उलट बाजूने आहे. गोंधळ होईल या भीतीने आईबाप घरची भाषा बंद करतात आणि स्वतःला नीट न येणाऱ्या भाषेत मुलाशी बोलायला लागतात. मग मुलाच्या कानावर पडतं ते तुटक बोलणं. घरची भाषा बंद करा, असा सल्ला देणारे शिक्षक-डॉक्टर भेटतात. तो ऐकू नये. मूल बोलायलाच उशीर करत असेल तर ऐकण्याची तपासणी जरूर करावी, पण त्याचं खापर दुसऱ्या भाषेवर फोडू नये.

६. ‘बे’ आणि ‘ओ’

सोलापूरचं नाव काढलं की बाहेरच्यांना ‘काय बे’ आठवतं. त्यांना वाटतं, इथे सगळे सगळ्यांना ‘बे’ म्हणतात. म्हणून तर बघा. ‘बे’ बरोबरीच्या मित्राला, धाकट्या भावाला. वडीलधाऱ्याला ‘ओ’: ‘या की ओ’, ‘बसा की ओ’. सासऱ्याला ‘काय बे’ म्हणणारा जावई अजून जन्मायचा आहे. कुणाशी, कुठे, कोणतं रूप वापरायचं हेही व्याकरणच. फक्त ते शाळेच्या पुस्तकात नसतं.

शुद्ध-अशुद्धाचा वादही इथेच मिटतो. १९व्या शतकात कोश, व्याकरणं, शाळेची पुस्तकं तयार झाली तेव्हा पुण्याकडच्या शिष्टांची बोली आधाराला घेतली गेली. छापखाना, शाळा, कचेरी यांना एक ठरलेलं रूप लागतं, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. परीक्षेत, अर्जात ते वापरावं. पण ती निवड सत्तेची आणि सोयीची होती; त्या बोलीत जास्त नियम होते म्हणून ती निवडली गेली नाही. बंगळूरचा माणूस सोलापूरच्या ‘बर्तीनि’ला गावंढळ म्हणतो आणि पुण्याचा ‘करलालो’ला. दोघांचंही व्याकरण कच्चं आहे.

हे करून बघा

एक वही घ्या. ‘पाऊस आला म्हणून मी घरीच थांबलो’ हे वाक्य ओळखीच्या चार माणसांना त्यांच्या घरच्या भाषेत म्हणायला सांगा: एक मराठी, एक कन्नड, एक तेलुगू, एक दखनी. जमल्यास सत्तरीपुढची माणसं निवडा. ऐकू येईल तसं देवनागरीत एकाखाली एक लिहा आणि ‘म्हणून’च्या जागी काय येतं, ते वाक्यात कुठे बसतं, यावर खूण करा. तेच वाक्य त्यांच्या नातवंडांकडून घ्या आणि शेजारी लिहा. जिथे फरक दिसेल तिथे भाषा तुमच्या डोळ्यांदेखत बदलते आहे. लिहिताना एकच पथ्य पाळा: कुणाचंही वाक्य दुरुस्त करू नका.